स्टुटगार्टला शिकायला निघालेल्या मुलीचा खर्च: महिना ९९२ युरोंत भागतो का?

सांगलीहून एका वडिलांनी प्रश्न विचारला आहे. मुलीला स्टुटगार्ट विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे, ऑक्टोबरात वर्ग सुरू होतील. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठीच्या राखीव बँक खात्यात, ११,९०४ युरो भरून झाले आहेत. एजंटचं म्हणणं असं, की आता वर्षाची चिंता मिटली आणि वरखर्च मुलगी पार्ट-टाइम करून भागवेल. हे कितपत खरं? आणि तिच्यासोबत काय द्यावं, काय देऊ नये?

मी गेली बरीच वर्षं स्टुटगार्टला राहते आहे आणि दर सप्टेंबर-ऑक्टोबरात महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलामुलींना खोली, बँक, नोंदणी या कामांत मदत करते. त्यामुळे हे उत्तर थोडं लांबलं तरी चालेल असं धरून लिहिते.

महिन्याचा खर्च ९९२ युरोंत भागू शकतो. पण वर्षाची चिंता मिटलेली नाही. मुलांची ओढाताण होते ती पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्या तीन महिन्यांसाठी ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर पैसा हाताशी लागतो. ही एक गोष्ट तुम्ही आत्ता, निघण्याआधी जमवलीत तर बाकीचं तुमची मुलगी निभावून नेईल.

आधी महिन्याचा हिशेब मांडते. ११,९०४ भागिले १२ म्हणजे ९९२. तेवढेच पैसे दर महिन्याला त्या खात्यातून सुटतात. त्यातून खोलीभाडं ४८०, आरोग्य विमा १४५, प्रवासाचा पास ६३, जेवणखाण २००, मोबाइल १०, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी १८, साबण-शाम्पू-धुलाई २५, आणि कपडे, पुस्तकं, कधी मैत्रिणींबरोबर कॉफी यासाठी ५०. बेरीज ९९१. बरोबर बसतं, पण ते सगळं पहिल्या आकड्यावर उभं आहे. खोली ४८० ऐवजी ६२० ला मिळाली तर तो फरक जेवणातून काढता येत नाही, कारण जेवणात तेवढी जागाच नाही. विमा सक्तीचा, पास सक्तीसारखाच, वर्गणी कायद्याची. म्हणजे कमी-जास्त करण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे भाडं. म्हणून मी खोलीबद्दल जास्त बोलणार आहे.

त्याआधी ब्लॉक्ड अकाउंटमधून जे निघत नाही ते सांगते. बाडेन-वुर्टेम्बेर्ग हे जर्मनीतलं असं राज्य आहे जिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सरकारी विद्यापीठांत सत्राला १,५०० युरो फी घेतात. ही फी २०१७ च्या हिवाळी सत्रापासून आहे. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. बर्लिन किंवा आखेनला जाणाऱ्यांसाठी ते बऱ्याच अंशी खरं आहे, स्टुटगार्ट किंवा कार्ल्सरूहला जाणाऱ्यांसाठी नाही. या फीवर सत्राची वर्गणी, साधारण २०० युरोंच्या आसपास. वर्षाला दोन सत्रं, म्हणजे जवळपास ३,४०० युरो, आणि हे ९९२ च्या बाहेरचे आहेत. कर्जाच्या अर्जात हा आकडा वेगळा दाखवला आहे ना, ते एकदा तपासा. युरोचा भाव शंभर रुपयांच्या पुढे गेलेला आहे आणि कर्ज रुपयांत मंजूर होतं, त्यामुळे मंजूर रकमेत निदान दहा टक्के फट ठेवा.

आता पहिले तीन महिने. मुलगी विमानातून उतरते तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे तिला लगेच मिळत नाहीत. त्यासाठी जर्मन बँकेत किंवा ऑनलाइन बँकेत तिचं चालू खातं लागतं, बऱ्याच ठिकाणी शहरात पत्ता नोंदवल्याचा कागद लागतो, आणि पत्ता नोंदवायला आधी राहायला जागा लागते. या साखळीत तीन-चार आठवडे सहज जातात. तेवढ्या काळात खर्च मात्र थांबलेला नसतो. खोली मिळेपर्यंत हॉस्टेलात एका खाटेचे रात्रीला ३५ ते ५० युरो. खोली मिळाली की अनामत रक्कम: कायद्याने घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं घेऊ शकतो, म्हणजे मूळ भाडं ४०० असेल तर १,२०० पर्यंत. त्याच दिवशी पहिल्या महिन्याचं भाडं. मग गादी-उशी-पांघरूण, दोन भांडी, बादली, दिवा. इथल्या खोल्या पुष्कळदा रिकाम्या मिळतात. लुडविग्सबुर्ग आणि झिंडेलफिंगन दोन्हीकडे आयकिया आहे, तिथे १५० ते २५० युरोंत खोली लागते. थंडीचे बूट आणि जाकीट इथेच घ्यावं, त्याचे १५०. निवास परवान्याची फी १००. सगळं मिळून निदान २,५०० युरो ब्लॉक्ड अकाउंटखेरीज तिच्या हाताशी हवेत. थोडे रोख, बाकी फॉरेक्स कार्डावर. दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर विमानतळावर जाहीर करावं लागतं, तेवढी रोख देऊच नका.

अनामतीबाबत एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. कायद्याप्रमाणे भाडेकरूला ती रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. पहिला हप्ता भाडं सुरू होताना, बाकी दोन पुढच्या दोन महिन्यांच्या भाड्याबरोबर. मुलीला हे विचारायला संकोच वाटेल, तरी विचारायला सांगा. सभ्य घरमालक नाही म्हणत नाही.

खोली. प्रवेशपत्र हातात आलं असेल तर आज संध्याकाळीच स्टुटगार्टच्या स्टुडिएरेन्डनवेर्ककडे वसतिगृहासाठी अर्ज करा. विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणारी ही संस्था विद्यापीठाहून वेगळी आहे, प्रवेशाबरोबर खोली आपोआप मिळत नाही. फायहिंगन भागातल्या विद्यापीठाच्या कॅम्पसलगत आल्मांडरिंग, श्ट्राउसएकर अशी त्यांची वसतिगृहं आहेत आणि भाडं खाजगी खोलीपेक्षा बरंच कमी असतं. मागणी इतकी असते की पहिल्या सत्रात खोली मिळेलच असं नाही, पण अर्ज केलेला असला की पुढच्या सत्रात नंबर लागू शकतो. चर्चच्या आणि इतर संस्थांच्या वसतिगृहांनाही स्वतंत्र अर्ज करावे. आपल्या मुलांना चर्चचं नाव वाचून ते आपल्यासाठी नसेल असं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी धर्माची अट नसते.

दुसरा मार्ग 'वेगे'चा. चार-पाच जण मिळून एक फ्लॅट घेतात, प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर आणि बाथरूम सामाईक. स्टुटगार्टात अशा खोलीला सध्या ४५० ते ६५० युरो पडतात. या खोल्यांच्या जाहिराती वेगे-गेझुख्ट या संकेतस्थळावर असतात आणि इथे खोली देणारे घरमालक नसून पुष्कळदा तिथे राहणारी मुलंच असतात. त्यांना कोण आपल्याबरोबर राहणार याची फिकीर असते, म्हणून ती व्हिडिओ कॉलवर किंवा घरी बोलावून गप्पा मारतात. आपल्याकडून गेलेले संदेश पाहिले तर शंभरातले बहुतेक 'डियर सर/मॅडम, आय ॲम इंटरेस्टेड' असे असतात, आणि ते कुणी वाचत नाही. तुमच्या मुलीने सहा-सात ओळी जर्मनमध्ये लिहाव्यात, जाहिरातीत दिलेल्या नावाने हाक मारावी, काय शिकते, किती काळ राहणार, स्वयंपाक करते का, स्वच्छतेची सवय कशी आहे आणि मोकळ्या वेळात काय करते हे लिहावं. जाहिरातीतल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख करावा, म्हणजे ती वाचली आहे हे कळतं. जर्मन मोडकंतोडकं असलं तरी चालतं. असे रोज पाच-सहा संदेश, जुलैपासून.

फसवणुकीची एकच ओळख सांगते, कारण प्रकार अनेक असले तरी मुळाशी एकच मागणी असते: खोली न पाहता, करार हातात नसताना पैसे पाठवा. घरमालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने येईल, फोटोत फ्लॅट मोठा आणि भाडं ३५० — अशी कहाणी दिसली की ते संभाषण तिथेच बंद करावं. व्हिसाची तारीख जवळ येते, मुलगी घाबरते, आणि त्या घाईतच आईवडील सांगलीहून हजार युरो पाठवून मोकळे होतात. पैसे गेले की परत येत नाहीत. पहिले दोन-तीन आठवडे हॉस्टेलात काढून प्रत्यक्ष खोली पाहणं हे महाग वाटलं तरी त्याहून स्वस्तच पडतं.

आणखी एक सावधगिरी 'आनमेल्डुंग'ची, म्हणजे पत्ता नोंदवण्याची. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला, ही व्यक्ती माझ्याकडे राहायला आली आहे असं सांगणारा फॉर्म लागतो. काही जण स्वस्तात जागा देतात पण 'नोंदणी होणार नाही' म्हणतात. अशी जागा महिनाभराची सोय म्हणूनही घेऊ नये, कारण नोंदणीशिवाय टॅक्स नंबर नाही, टॅक्स नंबराशिवाय नोकरीचा पगार नीट होत नाही आणि परवान्याचंही काम अडतं. पैसे घेऊन खोटा पत्ता देणारेही भेटतात, आपल्याच भाषेत बोलणारे असतात. ते बेकायदा आहे. आपल्या चार-पाच मुलींनी मिळून एकीच्या नावावरच्या खोलीत राहावं हाही सल्ला तिला कुणीतरी देईल. करारात एकच नाव असेल तर बाकीच्यांना तिथे कसलाच हक्क नसतो आणि घरमालकाला कळलं तर सगळ्यांनाच बाहेर पडावं लागतं.

भाड्याचे दोन आकडे असतात. 'काल्ट' म्हणजे नुसती जागा, 'वार्म' म्हणजे त्यात पाणी, हीटिंग, कचरा, जिना-सफाई वगैरे. वीज आणि इंटरनेट वार्ममध्ये असेलच असं नाही, हा प्रश्न करारापूर्वी विचारायचा. आणि वार्ममधला हीटिंगचा भाग हा फक्त अंदाजे घेतलेला आगाऊ हप्ता असतो. वर्षअखेरीनंतर प्रत्यक्ष वापराचा हिशेब येतो आणि फरक भरावा लागतो. तो हिशेब पाठवायला घरमालकाला बारा महिन्यांची मुदत असते, म्हणजे खोली सोडून गेल्यावरही ३०० युरोंचं बिल येऊ शकतं. हिवाळ्यात हीटर पाचवर, म्हणजे पूर्ण मोठा ठेवून खिडकी फटभर उघडी ठेवायची सवय आपल्या मुलांना लागते. त्याने पैसे जातात आणि भिंत गार पडून बुरशी धरते. इथली पद्धत अशी: दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, मग लावून हीटर पुन्हा चालू. खोलीत कपडे वाळत घातले असतील किंवा कुकर लावला असेल तर लगेच एकदा. बुरशी हे अनामत कापली जाण्याचं मोठं कारण आहे. खोलीत पाय ठेवल्याच्या दिवशी भिंती, फरशी, नळ, खिडक्या यांचे फोटो काढून घरमालकाला ईमेलने पाठवून ठेवायचे, म्हणजे सोडताना वाद होत नाही.

कुठे शोधावं? इथे स्टुटगार्टची रचना मदतीला येते. शहर खोलगट दरीत वसलेलं आहे आणि मधल्या भागातलं भाडं परवडत नाही. पण एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेच्या, एस १, एस २ आणि एस ३ या तिन्ही गाड्या 'युनिवर्सिटेट' या कॅम्पसच्या स्थानकावर थांबतात, आणि त्यांच्या टोकाला हेरेनबेर्ग, शोर्नडॉर्फ, बाकनांग अशी छोटी गावं आहेत. जर्मनीभर चालणारा डॉइचलांड-तिकीट हा पास २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला आणि २०२६ पासून ६३ आहे. तो अंतरावर अवलंबून नाही. त्यामुळे हेरेनबेर्गला राहिलं काय किंवा शहरातल्याच बाड कान्श्टाटला राहिलं काय, प्रवासखर्च तोच. अर्धा ते पाऊण तास गाडीत बसायची तयारी असेल तर खोली १०० ते १५० युरोंनी स्वस्त मिळते, आणि मी तरी मुलींना हेच सांगते. अडचण एक आहे. २०१० पासून चाललेलं मुख्य स्थानकाचं काम अजून संपलेलं नाही, उन्हाळी सुटीत शहराखालचा एस-बानचा बोगदा आठवडेच्या आठवडे बंद असतो आणि गाड्या उशिरा धावतात. परीक्षेच्या दिवशी एक गाडी आधी धरायची. २७ वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना या राज्यात तोच पास कमी दरात मिळतो, त्यामुळे तुमच्या मुलीने साधा पास घेण्याआधी तो पाहावा. पास दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा असेल तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. तिकिटाशिवाय सापडलं तर ६० युरो दंड.

विमा. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीचा आरोग्य विमा महिना १४० ते १५० युरोंना मिळतो. तेविशीनंतर मूल नसलेल्यांना किंचित जास्त. भारतातून निघताना काही एजंट ३०-४० युरोंचा खाजगी विमा दाखवतात आणि तोच चालेल म्हणतात. व्हिसापुरता, पहिल्या काही दिवसांच्या प्रवासापुरता तो ठीक आहे. पण विद्यापीठात नाव नोंदवताना खाजगी विमा निवडून सरकारी विम्यातून सूट घेतली, तर ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. मग अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं किंवा महिनोन्महिने उपचार लागले तर खाजगी कंपनी कशाला पैसे देईल याची खात्री नसते. महिन्याचे शंभर युरो वाचवण्यासाठी हे करू नका. हे मी अगदी काकुळतीने सांगते आहे.

सरकारी विम्यात डॉक्टरची फी वेगळी द्यावी लागत नाही, औषधाला प्रत्येकी ५ ते १० युरो. मोठ्यांचे चष्मे सहसा त्यात येत नाहीत, म्हणून दोन चष्मे आणि दातांची राहिलेली कामं सांगलीतच करून घ्या. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत सोबत द्या. आणीबाणीला ११२, रात्री-सुटीत साध्या तापाला ११६११७.

याशिवाय एक विमा वर्षाला पन्नास युरोंच्या आसपास मिळतो आणि तो घ्यावाच: 'हाफ्टफ्लिश्ट', म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाईचा. किल्ली हरवली तर इथे पुष्कळदा पूर्ण इमारतीची कुलपं बदलावी लागतात, कारण एकच किल्ली मुख्य दरवाजाला आणि खोलीला चालते. ते बिल हजारांत जातं. पॉलिसीत किल्ली हरवण्याचा उल्लेख आहे का ते पाहून घ्यावं.

आता जेवण, ज्याची आई म्हणून तिच्या आईला जास्त काळजी असेल. आधी बॅगेतलं. दूध आणि मांस यांपासून बनलेले पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर, बर्फी यांतलं काहीही नको. कस्टम्सवाले काढून घेतात आणि दंडही होऊ शकतो. कढीपत्ता, आंबा, ओली हळद यांनाही रोपांच्या आरोग्याचा दाखला लागतो, म्हणून तेही नको. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट, तेलातलं लोणचं, भडंग, चटण्या हे चालतं. तुपासाठी इथे २५० ग्रॅमचं बटर आणून कढवायचं, अर्ध्या तासात चांगलं रवाळ तूप होतं. डाळी-तांदूळ भारतातून आणण्यात अर्थ नाही, बॅगेतलं वजन त्यासाठी घालवू नका. त्या जागी तीन लिटरचा छोटा कुकर, जाड सपाट बुडाचा, शक्यतो इंडक्शनला चालणारा, पोळपाट-लाटणं, आणि कुकरच्या दोन जादा रिंगा.

पोळीचं पीठ हा पहिल्या महिन्यातला खरा प्रश्न असतो. सुपरमार्केटात पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळपास मैदा, त्याच्या पोळ्या वातड होतात. १०५० घ्यावं, किंवा ५५० मध्ये 'फोलकोर्न' म्हणजे कोंड्यासकटचं पीठ निम्मं मिसळावं. आपल्या आट्याचं दहा किलोचं पोतं भारतीय दुकानात मिळतं, पण ते महिन्यातून एकदा दोघीतिघींनी मिळून आणावं. रोजचा भाजीपाला तुर्की दुकानात. भेंडी, वांगी, हिरव्या मिरच्या, पुदिना, कोथिंबीर सगळं मिळतं आणि कांदे पाच किलोच्या जाळीत स्वस्त पडतात. फक्त कोथिंबिरीशेजारी तशाच दिसणाऱ्या पार्सलीच्या जुड्या असतात. वास घेऊन उचलायची. दूध लिटरला युरोच्या आसपास, दही अर्धा किलोच्या डब्यात मिळतं आणि त्याचं विरजण लागतं.

आणि एक गोष्ट तुमच्याकडच्या माणसाला आवडेल. या श्वाबेन प्रांतातल्या लोकांचं घरगुती जेवण म्हणजे 'लिन्झेन मिट श्पेट्झले', अख्ख्या मसुरीची आंबटसर आमटी आणि घरी पाडलेल्या शेवया. त्यामुळे अख्खी मसूर इथे कुठल्याही आल्डी-लिडल या स्वस्त सुपरमार्केटांमध्ये, पाच मिनिटांच्या अंतरावर मिळते. सांगली-सातारकडचा अख्खा मसूर तुमच्या मुलीला कांदा-लसूण मसाला घालून आठवड्यातून दोनदा करता येईल आणि त्याला दोन युरोसुद्धा लागणार नाहीत. आठवड्याला डाळ-तांदूळ-भाजी-पीठ-दूध-फळं यांना ३५ ते ४० युरो आणि विद्यापीठाच्या मेन्झात दोन-तीनदा दुपारचं जेवण, तीन ते पाच युरोंचं. मेन्झात रोज शाकाहारी पदार्थ असतो. असे महिन्याचे २०० होतात. बाहेर जेवायला गेलं की साध्या जेवणालाही १२ ते १५ युरो, आणि आठवड्याला दोनदा असं झालं तर हिशेब बिघडतो. पाणी नळाचं प्यावं. स्टुटगार्टला ते मोठ्या प्रमाणावर बोडेनझे सरोवरातून येतं आणि उत्तम असतं. बाटलीबंद पेय घेतलं तर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली टाकून परत मिळते. रविवारी दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळपर्यंत सामान भरून ठेवायचं.

फोडणीचा धूर ही किरकोळ बाब नाही. प्रत्येक खोलीत धुराचा अलार्म असतो आणि मोठ्या वसतिगृहांत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असू शकतो. मोहरी तडतडायच्या आधी पंखा चालू, खिडकी उघडी, आणि जिन्याकडचं दार बंद. दार उघडून धूर जिन्यात घालवायचा नाही, तिथेही अलार्म असू शकतो. रात्री दहानंतर आणि रविवारी मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, कपड्यांचं मशीन नको. दारावर 'केअरवोखे' लिहिलेली पाटी अडकवलेली दिसली तर त्या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आपली. श्वाबेनमधली ही फार जुनी रीत आहे आणि शेजारी नवीन माणसाला तिच्यावरून पारखतात. पाळी चुकवू नये. शेजारच्या आजी पुढे घरमालकाशी बोलायला, पत्र वाचून द्यायला उपयोगी पडतात. मुलीने जिना नीट पुसला की त्यांचा स्वर बदलतो हे मी अनेकदा पाहिलं आहे.

पत्रांवरून आठवलं. जर्मनीत सगळं टपालाने येतं: बँकेचा पिन, टॅक्स नंबर, विम्याचं कार्ड. पत्रपेटीवर तिचं आडनाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, खोली क्रमांक लिहिलेला असला तरी. पहिल्या दिवशी नाव लावायचं. नोंदणीनंतर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्र येतं, महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी द्यावी लागते. ती घरामागे एकच असते, म्हणून वेगेत चौघं असतील तर एकाने भरून वाटून घेता येते. आधीच कुणी भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवायचा. पत्राला उत्तर न देणं हा यातला सगळ्यात महागडा पर्याय, कारण स्मरणपत्राबरोबर दंड वाढत जातो.

राहिली पार्ट-टाइमची गोष्ट. एजंट सांगतो तसं पहिल्या सत्रात यावर विसंबू नका. परवानगी आहे: वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस, आणि सत्र चालू असताना साधारण आठवड्याला २० तासांची मर्यादा धरून चालायचं. किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे आणि महिना ६०३ पर्यंतच्या 'मिनीजॉब'मध्ये हातात जवळपास सगळे पैसे येतात. कागदावर हे छान दिसतं. पण विद्यापीठातली विद्यार्थी-सहायकाची कामं प्राध्यापक ओळखायला लागल्यावर, म्हणजे दुसऱ्या सत्रापासून मिळतात. कंपन्यांतली कामं पूर्वी स्टुटगार्टची मोठी जमेची बाजू होती. गेली दोन-तीन वर्षं वाहन उद्योगात कपात चालली आहे आणि विद्यार्थ्यांच्या जागा आधी कमी होतात. दुकान, बेकरी, कॅफे इथे काम मिळतं, पण गिऱ्हाइकाशी बोलण्याइतकं जर्मन लागतं. निघेपर्यंतचे महिने बी १ पातळीच्या, म्हणजे रोजचं बोलणं जमेल इतक्या जर्मनला द्यायला सांगा. पहिल्या सत्रात कामाचे तास वाढवून दोन विषय राहिले, तर एक जादा सत्र म्हणजे १,७०० युरो फी आणि सहा महिन्यांचं राहणं, सगळं मिळून साडेसात हजारांवर जातं. गोदामात रात्रपाळी करून ते भरून निघत नाही.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पुण्या-चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांमुळे मराठी माणसं इथे बरीच आहेत, गणपतीत आणि दिवाळीत भेटतातही. तुमच्या मुलीने आल्याबरोबर त्यांच्यात जावं, जुनी भांडी, हिवाळी कोट, सायकल हे सगळं त्यांच्याकडून फुकट किंवा स्वस्तात मिळतं. राहायला मात्र, जमलं तर, जर्मन मुलांबरोबर राहावं. भाषा तिथे लवकर येते.

तुम्ही आत्ता करायचं ते असं. वसतिगृहाचा अर्ज आज. कर्जात ३,४०० युरो वार्षिक फी आणि २,५०० सुरुवातीचा खर्च आहे का ते या आठवड्यात. विमान शक्यतो सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातलं, कारण ऑक्टोबर लागला की खोल्यांची मागणी शिगेला पोचते. आणि दुसऱ्या सत्राची फी जानेवारी-फेब्रुवारीत भरायची असते, ती उशिरा भरली तर नाव कमी होऊ शकतं. भारतातून पैसे पोचायला बँकेच्या कागदपत्रांसह आठवडाभर लागतो, म्हणून डिसेंबरातच बँकेत जाऊन या.